झाडावरचे काम, जमिनीवरचा हिशेब

मार्च उजाडला की या सदराच्या टपालात झाडांच्या छाटणीविषयीची पत्रे वाढतात. पावसाळ्याआधी फांद्या उतरवून घ्याव्यात ही घाई त्यामागे असते. या वेळी मात्र बरीच पत्रे झाडांच्या मालकांची नसून हे काम करणाऱ्यांची किंवा करू इच्छिणाऱ्यांची आहेत. दोर, करवत, गाडी आणि दर या चार गोष्टी त्यांत फिरून फिरून येतात, म्हणून या अंकात त्यांनाच जागा दिली आहे. उत्तरे देणारा स्वतः पुणे परिसरात हेच काम करतो, तेव्हा मतांत थोडा एककल्लीपणा जाणवला तर तो वाचकांनी चालवून घ्यावा.

प्रश्न : कृषी पदविका घेतल्यानंतर मी दोन वर्षे एका ठेकेदाराकडे छाटणीच्या कामावर आहे. आमच्याकडे कोयते, कुऱ्हाड, नायलॉनचा दोर आणि एक पेट्रोलवरची करवत एवढेच साहित्य आहे. आता स्वतःचे काम सुरू करायचे असून दीड लाख रुपये हाताशी आहेत. आधी काय घ्यावे?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : पहिली खरेदी करवतीची करू नका. दीड लाखाचे दोन भाग करा, त्यातला निम्म्याहून थोडा मोठा भाग अंगावरच्या साहित्यासाठी ठेवा आणि उरलेल्या पैशांत करवती बसवा. गाडी पहिले वर्षभर भाड्याचीच असू द्या.

हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर फांदी बांधायला ठीक आहे, माणूस टांगायला नाही. तो ताणला की रबरासारखा लांबतो, त्याची ताकद कुठे छापलेली नसते आणि आतून झिजलेला भाग बाहेरून दिसत नाही. झाडावर चढण्यासाठी साधारण साडेअकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा, आत गाभा आणि बाहेर विणलेले वेष्टन असलेला दोर मिळतो. किमान २२ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २,२०० किलो भाराची खात्री त्याच्या लेबलवर छापलेली असली पाहिजे. बांधकामावर वापरतात तो पूर्ण अंगाचा पट्टा पडणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी असतो, त्याच्या पाठीवरच्या कडीला लोंबकळून कोणी दोन तास काम करू शकत नाही. छाटणीसाठी बैठक असलेला आणि पुढे कडी असलेला हार्नेस घ्यावा लागतो. चढाईच्या मुख्य दोराखेरीज कमरेला खोडाभोवती टाकायचा दुसरा आखूड दोर हवा आणि तो आतून तारेचा असावा. ताणलेल्या दोराला करवतीच्या चालत्या साखळीचा नुसता स्पर्श झाला तरी तो तुटतो. म्हणूनच करवत सुरू असताना माणूस दोन ठिकाणी बांधलेला असावा, हा नियम जगभर पाळला जातो.

हेल्मेट हनुवटीखाली पट्टा असलेले घ्या, कारण वर पाहताना साधे हेल्मेट मागे निसटते. करवतीच्या कामाची विजार आपल्या उन्हात नकोशी वाटते, हे खरे आहे. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की ते धागे ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि साखळी जागच्या जागी अडकते. पूर्ण विजार सहन होत नसेल तर पुढून बांधायचे पायपट्टे तरी जमिनीवरच्या माणसाला द्याच, कारण मांडीवरच्या जखमा बहुधा जमिनीवर ओंडके कापतानाच होतात.

करवती दोन लागतात. एक चार किलोच्या आतली, वरून मूठ असलेली आणि बारा इंची पट्टीची (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी), झाडावर नेण्यासाठी. दुसरी सोळा किंवा अठरा इंची पट्टीची, जमिनीवरच्या कामासाठी. लहान करवत एका हाताने धरण्याचा मोह होतो आणि तिथेच घात होतो. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून थेट तोंडाकडे येते, आणि एका हाताने तिला कोणी आवरू शकत नाही. मनगटाएवढ्या फांद्यांसाठी तर करवत सुरूच करू नये. ओढताना कापणारी, वाकड्या पात्याची हातकरवत कंबरेला असली की ते काम शांतपणे आणि स्वच्छ होते.

इंधनाची चूक अनेक यंत्रांचा जीव घेते. दोन स्ट्रोकच्या चांगल्या तेलाचे प्रमाण बहुतेक यंत्रांत पन्नासास एक असते, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर. अंदाजाने 'एक झाकण' ओतणे सोडा. साखळीच्या टाकीत गॅरेजमधले काळे, वापरलेले तेल घालण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे, पण त्यातली धातूची कीस पट्टी खाते. साखळी धार मागते आहे, हे भुश्यावरून कळते. धार असेल तर जाडसर चकत्या पडतात, गेली असेल तर पिठासारखा भुसा उडतो आणि करवत दाबावी लागते. कानस साखळीच्या मापाची हवी, लहान करवतीला बहुधा चार मिलिमीटरची लागते. दातावर आखलेल्या तिरप्या रेषेला समांतर धरून ती फक्त पुढे ढकलावी, मागे आणताना उचलावी, आणि डाव्या दातांना जितके हात तितकेच उजव्यांना द्यावेत. तसे केले नाही तर काप एका बाजूला वळत जातो.

जड फांद्या उतरवण्यासाठी कप्पी आणि घर्षणाची नळी (दोराचे वेढे देऊन वेग आवरण्याची) नंतर घेतली तरी चालेल. बुंध्याला दोराचे दोन-तीन वेढे देऊन सावकाश सोडण्याची आपली जुनी रीत चांगलीच आहे, फक्त वजनाचा अंदाज हवा. तीस सेंटिमीटर जाडीचा आणि दोन मीटर लांबीचा ओल्या लाकडाचा तुकडा १३० ते १४० किलो भरतो. तो अर्धा मीटर जरी मोकळा पडून दोरावर आला तरी दोराला बसणारा हिसका त्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

एक वही ठेवा. ब्रिटनमध्ये १९९८च्या नियमांनुसार चढाईचे साहित्य दर सहा महिन्यांनी जाणकाराकडून तपासून तशी नोंद ठेवावी लागते. आपल्याकडे तशी सक्ती करायला कोणी दारात येत नाही, म्हणून ती स्वतःवर लादून घ्यावी. दोर दोन बोटांच्या चिमटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यावा. मध्येच तो मऊ किंवा चपटा लागला, वेष्टन चकाकल्यासारखे कडक झालेले दिसले, तर तो तुकडा कापून टाकावा आणि तारीख लिहावी.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या आवारात एक जुना वर्षावृक्ष आहे. त्याच्या फांद्या वाहनतळाच्या पत्र्यावर आणि शेजारच्या इमारतीच्या गच्चीपर्यंत गेल्या आहेत. महापालिकेची परवानगी मिळाली आहे. छाटणीसाठी तीन दरपत्रके आली, पहिले १२ हजारांचे, दुसरे ३१ हजारांचे आणि तिसरे ५८ हजारांचे. एकाच झाडाचे दर इतके वेगळे कसे? सर्वसाधारण सभेत सभासदांना काय सांगावे?
– सचिव, गृहनिर्माण संस्था, ठाणे

उत्तर : झाड एकच असले तरी तिघांनी तीन वेगळ्या कामांचे दर दिले आहेत, असे समजून चालावे. छाटणीचा दर झाडाच्या उंचीवर किंवा घेरावर ठरतो, हा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात तो ठरतो तो झाडाखाली काय आहे त्यावर. हाच वर्षावृक्ष उघड्या माळावर असता तर फांद्या कापून खाली सोडता आल्या असत्या आणि चार माणसांत दिवसभरात काम आटोपले असते. आपल्याकडे खाली पत्रा आहे, गाड्या आहेत, बाजूला गच्ची आहे आणि वर्षावृक्षाच्या फांद्या आडव्या पसरणाऱ्या. तेव्हा प्रत्येक तुकडा आधी बांधायचा, मग कापायचा, झोका आवरत मोकळ्या जागेत उतरवायचा आणि तिथून फाटकापर्यंत वाहून न्यायचा. कापायला दोन मिनिटे लागतात आणि उतरवायला वीस.

हिशेबाची रीत दाखवण्यापुरते काही आकडे धरू; ते बाजारभाव म्हणून वाचू नयेत. चढणाऱ्याचा रोज अडीच हजार, त्याच्या मदतीला चढू शकणाऱ्या दुसऱ्याचा दोन हजार आणि खालच्या तिघांचे प्रत्येकी नऊशे धरले तर दिवसाची हजेरी ७,२०० रुपये होते, दोन दिवसांची १४,४००. गाडीच्या तीन खेपा अडीच हजारांप्रमाणे ७,५००. पेट्रोल, तेल, साखळी आणि दोरांची झीज मिळून दिवसाला दीड हजार, म्हणजे ३,०००. बेरीज झाली २४,९००. यावर विमा, पाहणीच्या फेऱ्या, पावसात किंवा परवानगीअभावी वाया जाणारे दिवस, यंत्रांची बदली आणि नफा यांसाठी चौथा हिस्सा चढवला तर आकडा ३१ हजारांच्या आसपास जातो. आपल्या दुसऱ्या दरपत्रकवाल्याने बहुधा असाच कागद मांडला असावा.

मग १२ हजारांत कोण कसे करू शकतो? एक शक्यता अशी की त्याच्याकडे दुसरा चढणारा नाही, विमा नाही आणि कचरा रात्री कुठल्या तरी नाल्याकाठी पडणार आहे. दुसरी शक्यता अधिक महत्त्वाची आहे. त्याने उरलेले पैसे लाकडात धरले आहेत. लाकूड ठेकेदाराचे, असा व्यवहार असला की करवत धोक्याच्या फांदीकडे न जाता जाड फांदीकडे जाते, कारण वखारीत जाडीला भाव आहे आणि डहाळ्यांना नाही. झाड बोडके होण्यामागे अडाणीपणापेक्षा हा व्यवहारच जास्त वेळा असतो. म्हणून लाकूड कोणाचे हे दरपत्रकात स्वतंत्र लिहून घ्यावे आणि शक्य तर ते संस्थेनेच ठेवून त्याची विल्हेवाट वेगळी लावावी.

५८ हजारांच्या दरात क्रेन किंवा बादलीची हायड्रॉलिक गाडी धरलेली असू शकते. सुकलेल्या, पोखरलेल्या किंवा चढायला धोकादायक फांद्यांसाठी ती योग्यच आहे. मात्र ती आपल्या फाटकातून आत येते का, तिचे पाय टेकतील तिथे जमिनीखाली पाण्याची टाकी नाही ना, हे त्याने पाहिले आहे का ते विचारा. जागा न पाहता फोनवर दर देणाऱ्याचा कागद, स्वस्त असो की महाग, बाजूला ठेवावा.

सभेपुढे दरांची तुलना ठेवण्यापूर्वी तिघांकडूनही एकाच मजकुरावर दर मागवावेत. कोणत्या फांद्या, कुठपर्यंत, सगळा मिळून हिरवा पसारा किती कमी होणार हे त्यात असावे. एका हंगामात तो चौथ्या हिश्शापेक्षा अधिक काढू नये. 'शेंडे मारणे' हे शब्द कुठे असतील तर खोडून काढावेत. जाड फांदी मध्येच तोडली की कापाच्या खालून झुबक्याने फुटवे येतात. ते बाहेरच्या थराला वरवर चिकटलेले असतात, भराभर वाढून जड होतात आणि काही वर्षांत वादळात तेच प्रथम फाटतात. तेव्हा १२ हजारांचे काम पुन्हा करावे लागते आणि त्या वेळी ते अधिक धोक्याचे असते.

कराविषयी थोडक्यात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या व्यावसायिकाला जीएसटी नोंदणीची सक्ती सहसा नसते, आणि नोंदणी नसेल तर त्याला बिलात जीएसटी लावताही येत नाही. एका बिलाची रक्कम ३० हजारांवर गेली की संस्थेने वैयक्तिक ठेकेदाराच्या देयकातून एक टक्का टीडीएस कापायचा असतो. तो त्याच्याच पॅनवर जमा होतो, म्हणून त्यावरून होणारे वाद टाळण्यासाठी विसार देतानाच ही गोष्ट सांगून ठेवावी.

प्रश्न : छाटणीच्या कामासाठी जुनी गाडी घ्यायची आहे. छोटा हत्ती, पिकअप की घरच्या ट्रॅक्टरला ट्रॉली? लाकूड चिरडणारे यंत्र परवडते का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : या कामात गाडीवर दोन अगदी वेगळ्या प्रकारचे ओझे येते. पानांसकट फांद्या भरल्या तर हौदा दिसता दिसता भरतो आणि वजन काहीच होत नाही. ओंडके भरले तर हौद्याचा तळ झाकण्याआधीच गाडी बसते. छोटा हत्ती साधारण पाऊण टन पेलतो आणि २००५ साली बाजारात आल्यापासून गल्लीबोळात त्याला तोड नाही. शहरातल्या सोसायट्यांची कामे करणार असाल तर पहिली गाडी तीच असावी, असे माझे मत आहे. पिकअपमध्ये त्याच्या जवळजवळ दुप्पट भार जातो, पण ती पूर्ण भरण्याइतके काम रोज हाताशी आहे का, हे आधी पाहा. उभ्या गाडीचा हप्ता थांबत नाही.

कागदपत्रांत गाडीचे एकूण वजन पाहा. मोटार वाहन कायद्यानुसार एकूण वजन ३,००० किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. व्यावसायिक नोंदणी, योग्यता प्रमाणपत्र आणि मालवाहतुकीचा विमा मात्र लागतोच. हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोंपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. फांद्यांच्या ढिगावर माणसे बसवून नेण्याची सवय मात्र मोडा. अपघात झाला तर विमा कंपनी त्यांना गाडीतले प्रवासी म्हणून स्वीकारीलच, असे धरून चालता येत नाही.

ट्रॅक्टर शेतीसाठी नोंदलेला असेल आणि शहरात भाड्याच्या कामावर फिरताना काही घडले तर विम्याचा तोच प्रश्न अधिक बिकट होतो. पण गावाकडच्या कामांत ट्रॅक्टरचा एक मोठा फायदा आहे. त्याच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चिरडयंत्र चालते, वेगळे इंजिन घ्यावे लागत नाही. चार-पाच खेपांच्या फांद्यांचा एका खेपेचा चुरा होतो आणि फळबागेत आच्छादन म्हणून तो चुरा खपतोही. शहरात, जिथे कचरा टाकायला दूर जावे लागते, तिथे यंत्राची किंमत खेपांच्या बचतीतून निघते; मिरजेत जळणाला गिऱ्हाईक दारात येत असेल तर घाई करू नका. यंत्रात फांदी बुडख्याकडून घालावी, हाताने आत ढकलू नये, सैल बाह्या आणि मनगटावर पट्टे असलेले हातमोजे वापरू नयेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चढाईचा किंवा उतरवणीचा दोर त्या यंत्राच्या जवळपास जमिनीवर पडू देऊ नये. फांदीबरोबर दोर आत गेला तर त्याच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाला सावरायला क्षणही मिळत नाही.

साग, खैर, चंदन अशा झाडांचे लाकूड गाडीत घालण्यापूर्वी वन विभागाचा वाहतूक परवाना हवा. मालकाने 'माझ्याच बांधावरचे आहे' असे सांगितले तरी रस्त्यात गाडी तुमची अडते.

प्रश्न : आमच्या वाडीत पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ उतरवणारे, मिळेनासे झाले आहेत, म्हणून मी यंत्राने माडावर चढायला शिकलो. आता किनाऱ्यावरची काही पर्यटक निवासस्थाने माड 'साफ करून' मागतात. दर कसा लावावा? खिळ्यांचे बूट वापरले तर काम लवकर होईल का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : बूट अजिबात नकोत. आंबा-फणसाच्या सालीखाली जखम भरून काढणारा वाढीचा थर असतो, माडाला तो नसतो. त्यामुळे खोडाला पडलेले भोक किंवा चढायला पाडलेली खाच जन्मभर तशीच राहते. अन्य झाडांवरही खिळ्यांचे बूट फक्त ते झाड पूर्ण तोडायचे असेल तेव्हाच वापरतात.

यंत्राने आपण उत्तम सुरुवात केली आहे. नारळ विकास मंडळाने २०११ पासून 'नारळवृक्षांचे मित्र' या नावाने याच यंत्रांचे प्रशिक्षण दिले आहे. यंत्राची तार सुटली तरी माणूस राहावा म्हणून खोडाभोवती वेगळा पट्टा तेवढा वापरा.

'साफ करणे' म्हणजे काय, हे गिऱ्हाइकाला आधी समजावून सांगा. वाळलेल्या झावळ्या, पोया (माडाचे फुलोरे) आणि तयार नारळ काढायचे, हिरवी झावळी ठेवायची. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते, म्हणून हिरवी झावळी तोडली की पुढचे पीक तोडले जाते, आणि ताज्या जखमेच्या वासाने माड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो. दर माडागणिक लावण्याची कोकणातली रूढी सोयीची आहे, पण उंच माडांचा वेगळा दर ठेवा आणि खाली छप्पर किंवा पोहण्याचा तलाव असेल तर नारळ दोराने उतरवण्याचे वेगळे पैसे सांगा. नारळ कोणाचे, हेही ठरवून घ्या. निवासस्थानांना बहुधा नारळ नको असतात, फक्त ते पर्यटकांच्या डोक्यावर पडायला नको असतात.

प्रश्न : कापलेल्या जागी डांबर किंवा ऑइलपेंट लावण्याचे वेगळे पैसे आम्ही घेतो. एका ग्राहकाने ते अनावश्यक असल्याचे सांगितले. खरे काय?
– एक ठेकेदार, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ग्राहकाचे बरोबर आहे. अमेरिकेतील वनशास्त्रज्ञ अॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाड जखमी झालेले लाकूड पुन्हा दुरुस्त करीत नाही, तर कुजण्याच्या वाटेवर आतून भिंती उभारते. वरून फासलेले डांबर त्याला मदत करीत नाही, उलट आत ओल धरून ठेवते. फळबागेत बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावण्याची शिफारस असते, ती बागेपुरती पाळावी. शोभेच्या आणि सावलीच्या झाडांना मात्र काप नीट घेणे हाच उपाय आहे. जड फांदीला खोडापासून हातभर अंतरावर खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत काप द्यावा, त्याच्या किंचित पुढे वरून कापावे म्हणजे फांदी साल न फाडता सुटते, आणि उरलेला खुंट फांदीच्या मुळाशी असलेल्या फुगवट्याच्या अगदी बाहेरून काढावा. फुगवटा कापू नये आणि खुंटही ठेवू नये. पैसे घ्यायचेच असतील तर या तिसऱ्या कापाचे घ्या, कारण घाईत नेमका तोच राहून जातो.

प्रश्न : एक बंगलेवाले म्हणतात, 'झाड आमच्या आवारातले आहे, परवानगीचे मी नंतर पाहतो, तुम्ही रविवारी येऊन काम उरका.' फांद्यांतून विजेची तारही गेली आहे. काम घ्यावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नये. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाजगी आवारातल्या झाडांनाही लागू आहे आणि त्यातील 'झाड तोडणे' या संज्ञेत कापणे, जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे हे सारे येते. २०२१च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा असून त्यांच्याबाबतीत नियम अधिक कडक आहेत. रविवारची निवड का केली, हे आपल्याही लक्षात आले असेलच. सोमवारी तक्रार झाली की बंगलेवाले घरात असतात आणि करवत, गाडी व माणसे तुमची अडकतात. परवानगीची प्रत, त्यावरील झाडाचे वर्णन आणि मुदत पाहिल्याशिवाय दोर टाकू नये. त्या अर्जाच्या पाठपुराव्याचे पैसे हवे तर दरात उघडपणे लावावेत.

तारेचा प्रश्न कायद्याहून गंभीर आहे. तार प्लॅस्टिकची वाटली तरी जिवंत आहे असेच धरावे. ओली फांदी वीज वाहून नेते, ओला दोरही नेतो. महावितरणच्या स्थानिक कार्यालयाला लेखी कळवून पुरवठा बंद करून घ्यावा, त्यांचा कर्मचारी जागेवर हजर असावा, आणि 'बंद केली आहे' असे फोनवर सांगितलेले पुरेसे समजू नये. बंद तारेतही शेजारच्या घरातल्या इन्व्हर्टरमुळे उलटा प्रवाह येऊ शकतो. त्यातच झाडावर घरटी किंवा आग्या मोहोळ असेल तर काम पुढे ढकलण्याचे कारण आणखी एक. पक्ष्यांच्या घरट्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि आग्या मोहोळाला कायद्याची गरज पडत नाही.

प्रश्न : माझा मुलगा पदवीधर असून बँकेची परीक्षा सोडून झाडे छाटण्याच्या कामात पडला आहे. पैसे मिळतात, पण वर्षभर काम नसते आणि जीव टांगणीला लागतो. या कामाला काही भवितव्य आहे का?
– एक आई, सातारा

उत्तर : वर्षभर सारखे काम नसते, हे आपले निरीक्षण बरोबर आहे. मार्च ते मे या तीन महिन्यांत फोन थांबत नाही. जूनच्या पहिल्या वादळांनंतर पडलेल्या झाडांची कामे येतात. त्यांत पैसा अधिक असला तरी ताण खाऊन वाकलेले लाकूड कापणे हे या धंद्यातले सर्वांत फसवे काम आहे. गुलमोहर आणि पिचकारीची झाडे तर या दिवसांत हमखास कोसळतात. जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या सालीवर चढणे धोक्याचे असते, त्यामुळे हात रिकामे राहतात. जे टिकतात ते या काळात यंत्रांची दुरुस्ती, झाडांची पाहणी आणि अहवाल ही कामे धरतात. मोठ्या संकुलांना, शाळांना आणि कारखान्यांना आता लेखी पाहणी हवी असते, आणि तिथे आपल्या मुलाची पदवी वाया जाणार नाही. आंतरराष्ट्रीय वृक्षसंवर्धन संघटनेची प्रमाणपत्र परीक्षा भारतातूनही देता येते. तिच्यासाठी अनुभवाची वर्षे मोजली जातात, म्हणून केलेल्या कामांच्या नोंदी त्याने आजपासून ठेवाव्यात.

चढण्याचे वय मर्यादित असते. खांदे आणि गुडघे पंचेचाळिशीच्या आसपास बोलू लागतात, आणि करवतीच्या कंपनांनी बोटे बधिर होण्याचा त्रास त्याआधीही सुरू होऊ शकतो. तोवर त्याने स्वतः चढण्याऐवजी दुसऱ्यांना चढवण्याची, दर काढण्याची आणि पाहणीची बाजू उचलली तर तो जमिनीवर राहूनही याच कामात राहील.

जीव टांगणीला लागतो यावर मी काही सांगून तो खाली येणार नाही. त्याला दोन प्रश्न मात्र विचारा. वर त्याला चक्कर आली किंवा करवत लागली तर त्याला उतरवू शकणारा, स्वतःचा हार्नेस घातलेला दुसरा माणूस खाली असतो का? हार्नेसमध्ये बेशुद्ध लटकलेल्या माणसाला काही मिनिटांतच खाली आणावे लागते, अग्निशमन दलाची वाट पाहण्याइतका वेळ नसतो. दुसरा प्रश्न विम्याचा. त्याने वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल तर प्रस्तावात व्यवसाय काय लिहिला आहे ते पाहा. एजंट हप्ता कमी बसावा म्हणून तिथे 'शेती' किंवा 'व्यापार' लिहितात आणि दाव्याच्या वेळी त्याच शब्दावर बोट ठेवले जाते. 'उंचीवर यांत्रिक करवतीने वृक्षछाटणी' असे स्पष्ट लिहून घ्यावे, वाढीव हप्ता भरावा आणि तो रोजच्या दरात धरावा. हाताखालच्या माणसांसाठी कामगार भरपाईची पॉलिसीही त्याच वेळी काढून घ्यावी, तिच्यातही कामाचे वर्णन हेच असावे.